पाठमोरा डिंक्या

आमच्या नाटक कंपनीत नटांच्या आधी टाळी घेणारा एकच कलावंत होता, आणि तो चार पायांचा होता. मी राणी झाले, भिकारीण झाले, एका नाटकात तर एकाच अंकात दोन्ही झाले. पण प्रयोग सुरू होताना मागच्या स्वस्त रांगांमधून जी पहिली कुजबुज उठायची, ती माझ्यासाठी कधीच नसायची. "कुठंय रे? दिसला का?" असं चालायचं. मग कुणाला तरी राजवाड्याच्या खांबाआड एक तपकिरी कान सापडायचा, किंवा जंगलातल्या वडाखाली काळं नाक, आणि टाळी पडायची. आमचे नायक विंगेत उभे राहून दात खायचे. "मी इथं घसा फोडतो," म्हणायचे, "आणि हा गडी नुसता बसून टाळी घेतो."

हा गडी म्हणजे डिंक्या. मागच्या चित्राच्या पडद्यावर रंगवलेला कुत्रा. आणि रंगवणारे आमचे पेंटरदादा, ज्यांच्या पायाशी खरा डिंक्या दिवसभर पडलेला असायचा.

दादा बारीक अंगाचे, वाकलेले. नाट्यगृहाच्या मागे पत्र्याच्या छपराची एक लांबलचक खोली होती, तिथं त्यांचं राज्य. पडदा भिंतीवर टांगून नव्हे, जमिनीवर अंथरून रंगवायचे. अनवाणी त्यावर चालत, लांब काठीला बांधलेल्या ब्रशानं, अंगण झाडावं तसे. कोपऱ्यात शेगडीवर सरस शिजत असायचा. हाडाकातड्याचा तो गोंद रंगात मिसळला नाही तर रंग कापडाला धरत नाही. वास असा की नवीन नट एकदा आत डोकावला की दुसऱ्यांदा डोकावत नसे. त्याच वासानं डिंक्या आला. पिल्लू होता, भुकेला होता, सरळ निवत ठेवलेल्या भांड्यात तोंड घातलं त्यानं, आणि जबडाच चिकटला. दादांनी त्याला मांडीवर घेऊन कोमट पाण्यानं तोंड धुतलं. तोंड सुटलं, कुत्रा मात्र चिकटला तो चिकटलाच. वहिनी, म्हणजे दादांची बायको, म्हणायच्या, "माझ्याशी लग्न लागलं तेव्हा इतकं घट्ट नव्हतं चिकटलेलं."

डिंक्याला कुळ नव्हतं. एक कान उभा, एक पडलेला, शेपटी अशी की देवानं घाईत लावली असावी. एकदा ओल्या आभाळावरून तो चालत गेला आणि क्षितिजापासून सूर्यापर्यंत पावलं उमटली. आम्हाला वाटलं, आता मार पडणार. दादांनी काठी टेकून बराच वेळ ते बघितलं आणि म्हणाले, "ढग बरे टाकलेत." मग प्रत्येक पावलाला थोडा पांढरा लावून त्यांनी खरोखरच ढग केले. ते आभाळ पुढं कितीतरी वर्षं आम्ही वापरलं. त्याच्याखाली मी दोनदा विधवा झाले.

त्या दोघांची एक रीत होती, ती नीट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. पडद्यावर दार काढलं, पायरी काढली की ती केवढी दिसते याचा अंदाज दादांना कुत्र्यावरून यायचा. ते ब्रशाचा दांडा डिंक्याच्या कुशीला हळूच टेकवायचे. टेकवला की डिंक्या असेल तिथं बसायचा, पुढचे पंजे एकावर एक ठेवायचा, उभा कान आणखी उभा करायचा आणि दादांकडे बघत राहायचा. माशी नाकावर बसली तरी हलायचा नाही. आमच्या कंपनीत एवढी शिस्त एकाही नटाला नव्हती, माझ्यासकट. आधी अंदाजासाठी बसवायचे, मग म्हणाले, बसलाच आहे तर काढू. असा तो पडद्यांवर आला. त्याच्या अंगाचा तपकिरी त्यांना मातीच्या रंगातून मिळेना. "मेल्यासारखा दिसतो," म्हणायचे. म्हणून लाकूड रंगवणारे सुतार वापरतात ती तपकिरी पूड ते फक्त डिंक्यासाठी आणायचे. तिच्यानं कुत्रा जिवंत व्हायचा.

आणि माझं काम होतं शेवटच्या रांगेत बसायचं. पडदा टांगला की दादा मला हाक मारायचे, "ताई, जरा लांबून बघा." जवळून रंगवणाऱ्याला लांबचं दिसत नाही. मी तिथून ओरडून सांगायची, नदी पोट फुगल्यासारखी दिसते, झाड पडतंय. शेवटी ते विचारायचे, "आणि डिंक्या?" मी म्हणायची, "बघतोय." तो बघतोय म्हटलं की पडदा झाला. पडद्यावर पेंटरनं नाव घालायची पद्धत नव्हती. एकदा मी त्यांना म्हटलं, दादा, तुमचं नाव कुठं येत नाही याचं वाईट वाटत नाही? तर कुत्र्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ही काय सही."

पण वाटत होतं त्यांना. ते मला वहिनींकडून कळलं. आयुष्यभर लोक त्यांना पेंटर म्हणत आले, दुकानाच्या पाट्या रंगवणाऱ्याला म्हणतात तसं. त्यांचा थोरला भाऊ कलाशाळेत शिकला, शिकवायला लागला, त्याला लोक चित्रकार म्हणायचे. घरी चार माणसं जमली की भाऊ विचारायचा, "काय रे, सध्या कुठलं जंगल?" त्यात वाईट हेतू नव्हता. पण दादा त्या दिवशी जेवायचे नाहीत नीट.

अशात शहरातलं मोठं नाट्यगृह नव्यानं बांधून झालं आणि तिथला दर्शनी पडदा दादांकडे आला. दर्शनी पडदा म्हणजे प्रयोग सुरू व्हायच्या आधी आणि मध्यंतरात जो प्रेक्षकांच्या समोर असतो तो. नाटक बदलतं, हा बदलत नाही. नाट्यगृहाचे अध्यक्ष मृदू बोलणारे, पांढऱ्या केसांचे गृहस्थ होते. ते स्वतः पत्र्याच्या खोलीत आले, सरसाच्या वासात नाकाला रुमाल न लावता उभे राहिले आणि म्हणाले, "या पडद्यावर चित्रकाराचं नाव हवं. कोपऱ्यात घाला."

वहिनी सांगतात, त्या दिवशी दादा घरी आले आणि कागदावर नुसतं आपलं नाव लिहीत बसले. तिरकं, सरळ, जाड, बारीक. त्यांना स्वतःची सही येत नव्हती. कधी करायची वेळच आली नव्हती.

पडदा त्यांनी जीव ओतून केला. सकाळची वेळ, नदीकाठची वस्ती, पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या, एक वळणाची वाट आणि उजव्या अंगाला अर्धवट उघडं दार. दाराच्या पायरीवर डिंक्या, पंजावर पंजा, आपल्याकडे बघणारा. मी शेवटच्या रांगेतून बघितलं आणि मला ओरडून सांगायचं सुचलंच नाही. सही करायची बाकी होती. दादा म्हणाले, अध्यक्षांनी पाहिलं की मग करू, आधी केली तर बरं दिसत नाही.

दाखवायच्या दिवशी सकाळी सभागृहात पन्नासेक माणसं होती. अध्यक्ष, त्यांचे पाहुणे, वर्तमानपत्रांतली दोन माणसं, आणि पाहुण्यांमध्ये दादांचा थोरला भाऊ. दादांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. डिंक्याला घरी बांधून आले होते, पण दोरी हा प्रकार डिंक्यानं कधी मनावर घेतला नव्हता. सगळे चित्र बघत असताना तो बाजूच्या दारातून आत आला, अर्धी दोरी ओढत, रंगमंचावर चढला आणि नेहमीसारखा दादांच्या पायाशी उभा राहिला.

पाहुण्यांमधल्या एका बाईंनी चित्र फार छान आहे म्हटलं आणि मग हसून विचारलं की एवढ्या सुंदर दारात हे रस्त्यावरचं कुत्रं कशाला? विचारलं ते सहज. दादांनी भावाकडे बघितलं. भाऊ हसत होता, तोही सहजच. पण दादांच्या कानात ते कुठून कुठं गेलं कोण जाणे. त्यांचा चेहरा उतरला आणि ते म्हणाले, "ते मी नाही काढलं. कामावरच्या कुणीतरी गंमत केली असेल. राहून गेलं."

आम्ही विंगेत उभे होतो. कामावर दादांखेरीज कुणी नव्हतं, हे आम्हाला माहीत होतं.

"आणि हे?" बाईंनी डिंक्याकडे बोट दाखवलं.

"हे आमचं नाही. भटकं आहे, शिरतं कुठूनही." असं म्हणून त्यांनी शेजारी टेकवलेला लांब दांड्याचा ब्रश उचलला आणि त्याला हाकलायला म्हणून दांडा त्याच्या कुशीत खुपसला.

दांडा कुशीला लागला. डिंक्याला एवढंच माहीत होतं की दांडा लागला म्हणजे काम. तो बसला. पंजावर पंजा ठेवला, उभा कान आणखी उभा केला आणि दादांकडे बघत राहिला. त्याच्या बरोबर मागं पडद्यावर तोच, तसाच, त्याच पंजांनी, त्याच कानानं.

मी रंगभूमीवर फजिती पुष्कळ पाहिली आहे. माझी मिशी पडलेली आहे, एका राजाचं धोतर सुटलेलं आहे. पण तशी शांतता मी पुन्हा ऐकली नाही. मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळं सभागृह हसलं. दादांनी आणखी एकदा दांडा मारला, या वेळी जोरात. डिंक्या हलला नाही. त्याला वाटलं असेल, आपला कान नीट उभा नाही. त्यानं तो पुन्हा उभा केला.

अध्यक्ष मोठे सभ्य. त्यांनी हात वर करून हसणं थांबवलं आणि कलावंतांची अशी थट्टा चालायचीच म्हणून विषय बदलला. कुत्रा पुसा असं कुणीही म्हटलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. दादाच म्हणाले, "मी काढून टाकतो. आत्ता काढतो." आणि पाहुणे बाहेर चहा घेत होते तेवढ्यात त्यांनी पायरीचा रंग कालवून डिंक्यावर फासलासुद्धा. ती मोकळी झालेली पायरी बघून अध्यक्ष म्हणाले, ही जागा छान आहे, इथंच नाव घाला. दादांनी घातलं. इतके दिवस घोटलेलं नाव, पण शेवटचं अक्षर खाली घसरलं. डिंक्या शेजारी बसून बघत होता.

घरी गेल्यावर तरी तो रुसेल, पलंगाखाली जाऊन बसेल, असं दादांना वाटलं होतं. वहिनी म्हणाल्या, तो रात्री नेहमीसारखा यांच्या पायांवर येऊन झोपला आणि हे सकाळपर्यंत पाय न हलवता पडून राहिले. "मी म्हटलं, अहो, कुत्र्याला काय कळतंय. तर म्हणतात, त्याला कळलं नाही हेच तर."

त्यानंतर दादांनी डिंक्याला कधी दांडा टेकवला नाही. आमच्या पुढच्या पडद्यांवर कुत्रा नसायचा. मागच्या रांगा शोधायच्या, थोडा वेळ कुजबुज व्हायची आणि विरून जायची. नायकांनाही चुकल्यासारखं वाटायला लागलं. एकदा ते स्वतः पत्र्याच्या खोलीत जाऊन म्हणाले, दादा, एक शेपूट तरी काढा. दादा हसले नाहीत. भाऊ त्यांना आता चारचौघांत चित्रकार म्हणायला लागला होता, आणि तो शब्द आला की दादा पाणी प्यायच्या निमित्तानं उठून जायचे.

असं वर्ष उलटलं असेल. उकाडा सुरू झाला, हवा दमट झाली, आणि मोठ्या नाट्यगृहातून निरोप आला की पडद्यावर ओल आली आहे, नावाखाली डाग पडलाय.

दादांना बघायची गरज नव्हती. ती ओल नव्हती. सुताराची ती तपकिरी पूड नुसत्या रंगाखाली दबत नाही. ती वर येते, आज ना उद्या येतेच. तिच्यावर आधी लाखेचा हात मारावा लागतो, तो वाळू द्यावा लागतो, मग वरून रंग. नवशिक्यालाही हे ठाऊक असतं. पण त्या दिवशी बाहेर पाहुण्यांचे चहाचे कप वाजत होते, आणि त्यांना कुत्रा दिसेनासा व्हायला हवा होता. लाख वाळायची वाट कोण बघतं?

त्यांनी मला बोलावलं, "ताई, शेवटच्या रांगेत बसायला याल का?" दुपारी आम्ही गेलो. दादा, मी आणि डिंक्या. डिंक्या म्हातारा झाला होता. मागचे पाय धरले होते, दर कोपऱ्यावर थांबायचा, आणि दादा थांबायचे. दादांच्या पिशवीत लाखेची बाटली होती. निरोपातच सांगितलं होतं, डाग कायमचा बंद करा.

शेवटच्या रांगेतून मला दिसलं, पायरीवर दादांचं नाव आणि त्याच्याखालून उमटत आलेलं काहीतरी. आधी पाठीची कड, मग एक उभा कान. नावाच्या शेवटच्या घसरलेल्या अक्षरातून तो कान वर निघाला होता.

दादांनी पिशवीतून लाख काढली, उघडली, हुंगली आणि पुन्हा बूच लावलं. मग बादलीत कोमट पाणी मागवलं, स्पंज भिजवला आणि स्वतःचं नाव पुसायला लागले. सरसातला रंग पाण्यानं सुटतो. नाव गेलं, वरची पायरी गेली, खालचा डिंक्याही ओघळून नुसता तपकिरी धब्बा उरला. मला त्यांनी लांबून बघायला बोलावलं होतं, बोलायला नाही.

मग ते ब्रश घेऊन डिंक्यासमोर उभे राहिले. बराच वेळ दांडा टेकवेनात. शेवटी टेकवला, अगदी हळू, काचेला टेकवावा तसा. डिंक्यानं मान वर केली. बसायला त्याला वेळ लागला, आधी पुढचं अंग, मग कण्हत मागचं. पण पंजावर पंजा ठेवला. कान उभा केला. आणि दादांकडे बघायला लागला, वर्षभर काही झालंच नसल्यासारखा.

दादांनी पाठ काढली, पाय काढले, कान काढले. डोळ्यांपाशी आले, डोळे काढले आणि पुसले. पुन्हा काढले, पुन्हा पुसले. मला लांबून एवढंच कळत होतं की हात जातो आणि परत येतो.

"ताई," ते माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, "मला नाही जमत."

"काय नाही जमत?"

"तो बघतोय."

त्यानंतर त्यांनी चेहरा सगळाच धुऊन टाकला, डिंक्याला वळसा घालून त्याच्या मागं जाऊन उभे राहिले आणि पाठमोरा डिंक्या काढायला लागले. खरा डिंक्या मान वळवून त्यांना शोधत होता. "तिकडंच बघ," ते हळूच म्हणत होते, "बाळा, तिकडंच बघ."

रंग वाळत असताना अध्यक्ष आले. दादा खाली उतरले आणि हात न पुसताच त्यांच्यासमोर उभे राहिले. "हा कुत्रा माझा आहे," म्हणाले. "चित्रातलाही माझाच होता. त्या दिवशी मी खोटं बोललो."

अध्यक्षांनी डिंक्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. "आम्हाला सगळ्यांना माहीत होतं हो," ते म्हणाले. अगदी प्रेमानं म्हणाले. पण दादांची मान जी खाली गेली ती बघवेना. इतके दिवस त्यांना वाटत होतं, निदान हे खरं सांगणं तरी आपल्यापाशी आहे.

नावाचं काय, असं अध्यक्षांनी विचारलं. नको, दादा म्हणाले. कुत्रा राहू द्या. अध्यक्षांनी राहू दिला.

त्या उन्हाळ्यातच डिंक्या गेला, पत्र्याच्या खोलीत, शेगडीजवळ. वहिनींना वाटलं हे आता दुसरं पिल्लू आणतील. नाही आणलं. कुणी रस्त्यावरचं कुत्रं पायात आलं तर दादा हातातली काठी आधी पाठीमागं लपवायचे, आणि मग त्याला कुरवाळायचे.

आणि तो पडदा गाजला. दाराच्या पायरीवर पाठ करून बसलेला कुत्रा लोकांना काही केल्या विसरता येईना. कुणी म्हणे तो धन्याची वाट बघतोय, कुणी म्हणे घरातलं कुणीतरी गेलंय. थोरल्या भावानं आपल्या विद्यार्थ्यांना नेऊन दाखवला आणि सांगितलं, चेहरा न काढता एवढं सांगणं हीच कला. त्याच्या बोलण्यात या वेळी थट्टा नव्हती. दादांनी ते ऐकलं आणि पाणी प्यायला उठून गेले.

दादा फार थकले तेव्हा मी त्यांना एकदा हट्टानं त्या नाट्यगृहात प्रयोगाला नेलं. आम्ही दोघंही म्हातारे, एकमेकांचा आधार धरून बसलो. शेवटच्या रांगेतच बसलो, सवय. समोर तो पडदा उजळलेला. पुढच्या रांगेत कुणीतरी लहान मुलाला सांगत होतं, तो बघ, तो बघ कुत्रा. मी वळून दादांकडे बघितलं. ते मान खाली घालून स्वतःच्या मांडीवरच्या हातांकडे बघत होते. पहिली घंटा झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. दिवे मंदावले. दोरीचा तो ओळखीचा आवाज आला, पडदा वर सरकायला लागला.

"ताई," त्यांनी विचारलं, "गेला का वर?"

मी म्हटलं, गेला.

तेव्हा त्यांनी मान वर केली.